डॉक्टर नव्हता तेव्हा: केनेबेक नदीकाठच्या सुईणीचं काम कसं चालायचं

जुन्या काळच्या बाळंतपणाचं चित्र आपल्या डोक्यात सिनेमांनी घातलेलं आहे. आतल्या खोलीतून ओरडणं ऐकू येतंय, बाहेर नवरा येरझाऱ्या घालतोय, एक म्हातारी दार किलकिलं करून 'गरम पाणी आणा' म्हणते आणि पाच मिनिटांत सगळं आटोपतं. म्हातारीचं काम संपतं, ती पडद्यावरून जाते. ती आली कुठून, मधे नदी होती का, तिला पैसे कोणी दिले, ती इथे रात्रभर बसली तेव्हा तिच्या घरची चूल कोणी पेटवली, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, आजच्या मेन राज्यात, केनेबेक नावाची नदी आहे. तिच्या काठी हॅलोवेल नावाच्या वस्तीत मार्था बॅलर्ड नावाची सुईण राहत होती. वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने लिहून ठेवली आहेत. तेही आठवणी म्हणून मागाहून नव्हे, तर त्या त्या दिवशी. १ जानेवारी १७८५ ला तिने रोजनिशी सुरू केली आणि मे १८१२ मध्ये, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, शेवटची नोंद केली. सत्तावीस वर्षांत जवळजवळ दहा हजार नोंदी आणि ८१६ बाळंतपणं. त्या काळच्या खेड्यातल्या सुईणीच्या कामाबद्दल इतका सलग आणि इतका जवळचा पुरावा फार कमी ठिकाणी मिळतो, म्हणून तिच्याच बोटाला धरून हे काम समजून घेऊ.

आधी थोडं ती कोण होती ते. मार्था मूर १७३५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावात जन्मली. घर शिकलेलं होतं. काका येल विद्यापीठाचा पदवीधर, धाकटा भाऊ हार्वर्डचा. मुलींना कॉलेज नव्हतंच, पण मार्थाला लिहिता येत होतं. तिच्या पिढीतल्या कित्येक बायकांना सहीसुद्धा येत नसे. एफ्राइम बॅलर्डशी तिचं लग्न झालं. तो पाणचक्कीवाला आणि जमीन मोजणारा. १७६९ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये घटसर्पाची साथ आली आणि थोड्याच दिवसांत मार्थाच्या तीन मुली गेल्या. ती तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ऑगस्टमध्ये तिला पुन्हा मुलगी झाली. पुढे जिच्या हातून शेकडो बाळं जन्मणार होती तिचं स्वतःचं आयुष्य असं होतं. तिला एकूण नऊ मुलं झाली, त्यातली सहा मोठी झाली.

१७७७ मध्ये ती नवऱ्यामागोमाग केनेबेकला आली. मेन तेव्हा स्वतंत्र राज्य नव्हतं, मॅसॅच्युसेट्सचाच जंगली टोकाचा भाग होता. जंगल तोडून वस्ती होत होती. जंगल कोणाचं होतं, हा प्रश्न तिथे दोनदा विचारावा लागतो. मुळात ती भूमी अबेनाकी लोकांची. त्यांना मागे रेटून गोरे वसाहतकार आले, आणि मग त्या वसाहतकारांत आपसातच भांडण लागलं. बॉस्टनचे श्रीमंत भागधारक म्हणत, कागदावर जमीन आमची. राबून शेत काढणारे म्हणत, घाम आमचा तर जमीनही आमची. एफ्राइम भागधारकांच्या बाजूने मोजणी करायचा. १७९५ मध्ये हत्यारबंद माणसांनी त्याला जंगलात गाठून त्याची मोजणीची उपकरणं काढून घेतली. बायको मात्र दोन्ही बाजूंच्या घरांत बाळंतपणाला जायची. सुईणीला बाजू घेऊन चालत नाही.

आता प्रत्यक्ष काम.

बोलावणं कधीही यायचं. बहुतेकदा नवरा किंवा शेजारचा माणूस घोडा नाहीतर नाव घेऊन दारात उभा राही. हॅलोवेलची वस्ती नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली होती, त्यामुळे नदी ओलांडणं हा सुईणीच्या कामाचा अर्धा भाग होता. हिवाळ्यात केनेबेक गोठते, तेव्हा बर्फावरून चालत किंवा घसरगाडीतून जाता येई. उन्हाळ्यात नाव असे. खरी पंचाईत मधल्या दिवसांत, जेव्हा बर्फ माणसाचं वजन पेलत नाही आणि नाव चालू देत नाही. एप्रिल १७८९ च्या नोंदी वाचल्या की अंगावर काटा येतो. एका बोलावण्याला निघताना ती नावेतून उतरली ती चिखलात रुतली. घरी परत येऊन कपडे बदलले आणि पुन्हा निघाली. त्याच फेरीत पुढे वादळात तिच्या समोर एक मोठं झाड मुळासकट उन्मळून पडलं, एक पूल वाहून गेला होता, कोणीतरी घोड्याचा लगाम धरून तिला ओढ्यापार नेलं. ती तेव्हा ५४ वर्षांची होती. हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात लिहिलेलं नाही. देवाच्या कृपेने सुखरूप पोचले, असं लिहून ती पुढच्या ओळीत मूल झाल्याचं सांगते.

घरी पोचल्यावर बहुतेक वेळा करायचं काय, तर थांबायचं. हे आपल्याला विचित्र वाटेल, पण बाळंतपणाचं शरीरशास्त्रच तसं आहे. त्याचे तीन टप्पे. पहिल्यात कळा येत राहतात आणि गर्भाशयाचं तोंड हळूहळू उघडतं. पहिलटकरणीला याला बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. दुसऱ्यात मूल खाली सरकून बाहेर येतं. तिसऱ्यात वार पडते. पहिल्या टप्प्यात बाहेरून घाई करण्यासारखं फारसं काही नसतं आणि घाई केली तर नुकसानच होतं. म्हणून मार्था बसायची. कधी विणकाम करायची, कधी त्या घरच्या आजाऱ्याला बघायची. कळा थंडावल्या तर तिथेच झोपायची, किंवा तोवर शेजारच्या दुसऱ्या अडलेल्या बाईकडे जाऊन यायची.

कळा जोर धरू लागल्या की शेजारणींना निरोप जायचा. या बोलावलेल्या बायका म्हणजे बघ्यांची गर्दी नव्हती. कोणी बाळंतिणीला मागून धरायची, कोणी शेकोटी राखायची, कोणी मोठ्या मुलांना सांभाळायची. त्या काळी बाई सहसा पाठीवर आडवी पडून बाळंत होत नसे. ती दुसरीच्या मांडीवर रेलून, ठेंगण्या तिवईवर बसून किंवा गुडघ्यांवर येऊन जोर लावायची. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते. नवरा या खोलीत नसायचा. त्याचं काम सुईणीला आणण्याचं आणि पोचवण्याचं.

मूल झालं, नाळ कापली, वार पडली, बाळंतिणीला स्वच्छ करून अंथरुणावर घेतलं, की मार्था साधारणपणे थोड्या तासांत निघायची. पुढचे दिवस सांभाळायला वेगळी बाई असे, मजुरीवर राहणारी किंवा नात्यातली. बाळंतीण उठून पुन्हा स्वयंपाकघरात आली, म्हणजे चूल तिच्या ताब्यात परत गेली, की बाळंतपण संपलं असं मानत. याला आठवडा, दोन आठवडे लागत. आपल्याकडचा सव्वा महिना त्या घरांना परवडणारा नव्हता, कारण मदतीला हातच कमी.

मार्थाचं काम बाळंतपणावर थांबत नव्हतं. भाजलेलं, कापलेलं, ताप, खोकला, जंत, कान फुटणं, सगळ्यांसाठी बोलावणं यायचं. परसात तिची औषधी झाडं होती: कॅमोमाइल, सेज, पुदिना, हिसॉप. सोनामुखी आणि रेवाचिनी ती गावातल्या डॉक्टरकडून विकत घ्यायची. म्हणजे डॉक्टर आणि सुईण ही दोन वेगळी जगं नव्हती, त्यांच्यात उधारी चालायची. डॉक्टर शवविच्छेदन करत तेव्हा तीही हजर राहायची आणि काय दिसलं ते लिहायची. कोणी वारलं तर प्रेताला न्हाऊ घालून कापड घालण्याचं कामही अनेकदा तिच्याकडे येई. पाळणा आणि तिरडी, दोन्हीकडे तीच.

आता पैसे. रोजनिशीच्या समासात प्रत्येक बाळंतपणाला क्रमांक आहे आणि फी मिळाली की दोन फुल्या. फी साधारण सहा शिलिंग. न्यू इंग्लंडच्या हिशेबात सहा शिलिंग म्हणजे एक डॉलर. रोख क्वचित मिळायची. चीज, लोणी, मेणबत्त्या, चहा, साखर, सूत, लोकर, अगदी छपराच्या लाकडी फळ्यासुद्धा. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यापुढे फुल्या नाहीत. तरी पुढच्या खेपेला त्यांच्याकडेही ती गेलीच. समासातल्या या फुल्यांमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. सुईणपण हा शेजारधर्म होता हे खरं, पण तो हिशेबात धरलेला धंदाही होता. आपण या बायकांना सेवाभावी मूर्ती करून टाकतो तेव्हा त्यांचं उत्पन्न नजरेआड करतो, आणि तो मला अन्यायच वाटतो.

पण या धंद्याला लागणारं भांडवल कुठून यायचं, ते फुल्यांत दिसत नाही. रात्री-अपरात्री बाई घराबाहेर राहणार असेल तर घर दुसऱ्या कोणीतरी चालवायला हवं. मार्थाच्या मुली आणि कामाला ठेवलेल्या पोरी दूध काढायच्या, कपडे धुवायच्या आणि मुख्य म्हणजे विणायच्या. जवस पेरायचं, त्याचं सूत काढायचं, मागावर कापड विणायचं आणि ते शेजारी देऊन बदल्यात दुसरं काही घ्यायचं. घरच्या मुली मागावर बसत होत्या म्हणून आई बर्फावरून चालत जाऊ शकत होती. १७९० च्या दशकात मुली लग्न होऊन गेल्या, तसं हे यंत्र कुरकुरू लागलं. मार्था म्हातारी होत गेली, कामाच्या पोरी टिकेनात, आणि रोजनिशीत थकव्याच्या नोंदी वाढत गेल्या. १८०४ मध्ये तर एफ्राइम तुरुंगात गेला. तो गावाचा कर गोळा करायचा, वसुली पूर्ण भरता आली नाही, आणि त्या काळच्या कायद्यात त्याला कैद होती. वर्षभराहून जास्त काळ तो आत होता. सत्तरीला टेकलेली बाई सरपणाला महाग झाली. मुलाचं कुटुंब तिच्या घरात राहायला आलं आणि ती स्वतःच्याच घरात एका खोलीपुरती उरली.

त्या मुलाची, जोनाथनची, गोष्ट वेगळीच आहे आणि ती सांगितल्याशिवाय सुईणीचं आणखी एक काम कळणार नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात अविवाहित बाईला मूल होणार असेल तर बाप कोण हे ठरवण्याची एक रीत होती. बाईने आधी न्यायाधीशासमोर नाव सांगायचं आणि ऐन कळांत सुईणीने पुन्हा विचारायचं: सांग, बाप कोण? त्या वेदनेत बाई खोटं बोलणार नाही, असा समज. तिथेही तेच नाव आलं तर सुईणीची साक्ष कोर्टात चाले आणि त्या माणसाला मुलाच्या पोटगीची जबाबदारी घ्यावी लागे. आज वाचताना हे क्रूर वाटतं, आणि आहेच. पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. या एका प्रश्नामुळे गरीब मुलीच्या हातात बळ यायचं. पुरुष नाकारू शकत नव्हता, कारण साक्षीदार गावातली सगळ्यात विश्वासाची बाई होती. आणि प्रसंग विरळ नव्हते. १७८५ ते १७९७ या काळात मार्थाने १०६ पहिलटकरणींची बाळंतपणं केली, त्यातल्या ४० जणींना लग्नाआधी दिवस गेले होते. बहुतेकींची लग्नं मूल होण्याआधी किंवा लगेच नंतर त्याच पुरुषाशी झाली, आणि गाव फारसं कुजबुजलं असं रोजनिशीवरून तरी दिसत नाही. 'जुन्या काळी असं नव्हतं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

२३ ऑक्टोबर १७९१ ला सॅली पिअर्स नावाच्या मुलीचं बाळंतपण करायला मार्था गेली. कळांत तिने नेहमीचा प्रश्न विचारला. सॅलीने सांगितलं, जोनाथन बॅलर्ड. मार्थाने ते लिहिलं, बाप म्हणून माझ्या मुलाचं नाव घेतलं असं, एका वाक्यात. लपवलं नाही, रंगवलं नाही. चारेक महिन्यांनी, फेब्रुवारी १७९२ मध्ये, जोनाथनने सॅलीशी लग्न केलं. पुढे म्हातारपणी जिच्याशी एका छपराखाली जुळवून घ्यावं लागलं ती सून हीच.

गावात डॉक्टर नव्हता असं शीर्षकात म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. होते, पण बाळंतपण हे त्यांचं काम मानलं जात नव्हतं. ते बदलायला मार्थाच्या डोळ्यांदेखत सुरुवात झाली. फिलाडेल्फियात विल्यम शिपेन १७६० च्या दशकापासून प्रसूतिशास्त्रावर व्याख्यानं देत होता. शहरातली सुखवस्तू घरं डॉक्टरला बोलावू लागली होती, आणि ही लाट हळूहळू खेड्यांकडे सरकत होती. हॅलोवेलला बेंजामिन पेज नावाचा तरुण डॉक्टर आला. एकदा मार्था एका पहिलटकरणीजवळ बसलेली असताना घरचे घाबरले आणि त्यांनी पेजला आणलं. त्याने अफूच्या अर्काचे वीस थेंब पाजले. मार्थाच्या मते कळा नियमित आणि आशादायक होत्या. अर्काने बाई गुंगीत गेली आणि कळा जवळजवळ थांबल्या. संध्याकाळच्या सुमारास ती ओकली, कळा परत आल्या, आणि सात वाजता मुलगा झाला. रोजनिशीत मार्था कोणावर चिडलेली सहसा दिसत नाही. पेजबद्दल लिहिताना मात्र तिची लेखणी टोचते.

आकडे काय सांगतात? केनेबेकला आल्यापासून मार्थाने जवळपास हजार बाळंतपणं केली. त्यात ऐन प्रसूतीत एकही बाई दगावली नाही. नंतरच्या दिवसांत पाच जणी गेल्या. म्हणजे साधारण दर दोनशे बाळंतपणांमागे एक मृत्यू. तुलनेसाठी, सगळ्या अमेरिकेचा हिशेब केला तर १९३० मध्ये, शंभराहून जास्त वर्षांनंतर, हे प्रमाण दर दीडशे बाळंतपणांमागे एक असं होतं. मार्थाच्या आयुष्यात पहिल्यांदा तिची बाळंतीण गेली ती १७८७ मध्ये. त्या आईच्या कुशीत बाळ ठेवून दोघांना एकत्र पुरलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं, असं तिने लिहिलं. बाळंतपणं करायला लागून तिला तोवर नऊएक वर्षं झाली होती.

हे कसं शक्य झालं? इथे भाबडेपणा आवरायला हवा. मार्थाला जंतू माहीत नव्हते, कोणालाच नव्हते. ती अंगावर पुरळ आलेल्या तापकऱ्याजवळून उठून थेट बाळंतिणीकडे जायची, प्रेत न्हाऊ घालून आल्यावरही. आजच्या कुठल्याही नर्सला हे ऐकून घाम फुटेल. मग तिच्या बाळंतिणी वाचत कशा होत्या?

एक कारण, तिचे हात आत फारसे जात नव्हते. बाळंतज्वर होतो तो बहुतेकदा बाहेरचे जंतू गर्भाशयापर्यंत पोचल्यामुळे. वारंवार तपासणी, चिमट्याने मूल ओढणं, वार हाताने ओरबाडून काढणं, यातून ते पोचतात. चिमटा तिच्या कामाचा भाग नव्हता. डॉक्टरला मदतीला बोलावण्याची वेळ तिच्यावर अगदी मोजक्याच वेळा आली. दुसरं कारण म्हणजे अंतर. एका घरात एक बाळंतीण, दुसरी मैलभर लांब. मोठ्या शहरांत गरीब बायकांसाठी प्रसूतिगृहं होती, तिथे एका दालनात अनेक जणी आणि तेच हात सगळ्यांना लागायचे. तिथे बाळंतज्वर आला की ओळीने खाटा रिकाम्या व्हायच्या. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणींचे मृत्यू शेकडा दहाच्या आसपास, सुइणींच्या विभागात चारच्या आसपास. इग्नात्स सेमेलवाइसने १८४७ मध्ये कारण ओळखलं. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू घटले. मार्था तोवर जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पण ते मोजता येत नाही. तिला नॉर्मल काय ते ओळखू येत होतं. शेकडो बायका पाहिल्यावर कुठली लांबलेली कळ ठीक आहे आणि कुठली नाही हे कळतं. त्यामुळे न घाबरता बसून राहता येतं. वीस थेंब पाजणाऱ्या तरुण डॉक्टरकडे पुस्तकं जास्त होती, पण बसून राहायचं धैर्य नव्हतं. मूल आडवं आलं, आईला झटके आले, रक्तस्राव थांबेना, अशा वेळी मात्र मार्थाकडेही फारसं काही नव्हतं. तिथे आज शस्त्रक्रिया, रक्त आणि झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट हे औषध वाचवतं. 'सुईणच बरी होती' असं या आकड्यांवरून म्हणणं म्हणजे त्या पाच जणींना विसरणं.

मार्थाचं गाव निदान एका जागी होतं. पुढच्या पिढीत वस्ती पश्चिमेकडे निघाली तेव्हा सुईणही बैलगाडीत चढली. पॅटी सेशन्सचं उदाहरण घ्या. तीही मेनचीच, १७९५ ची. सासू सुईण होती. एकदा सासूला बोलावणं आलं, तिचे सांधे धरलेले, चालवेना, म्हणून सून पुढे धावली आणि सासू पोचेपर्यंत मूल झालंसुद्धा, अशी तिच्या धंद्याची सुरुवात सांगतात. पुढे ती मॉर्मन या तेव्हा नव्याने निघालेल्या ख्रिस्ती पंथात गेली. १८४६ च्या फेब्रुवारीत मॉर्मन लोकांना इलिनॉयमधलं नौव्हू गाव सोडावं लागलं, तेव्हापासूनची तिची रोजनिशी आहे. कडाक्याच्या थंडीत तंबूत, गाडीत, वाटेवरच्या झोपड्यांत ती बाळंतपणं करत गेली. १८४७ मध्ये, ५२ व्या वर्षी, चार बैलांची गाडी स्वतः हाकत ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. पोचल्यावर दोनच दिवसांत तिने तिथल्या वसाहतकारांतला पहिला मुलगा जन्माला आणला. तिच्या हातून एकूण ३,९७७ बाळंतपणं झाली असं तिच्याकडच्या परंपरेत सांगितलं जातं. रोजनिशी वाचली की मार्थाची आठवण येते. मूल, फी, हवामान, लावलेली फळझाडं, सगळं एकाच दमात. फळझाडांत तिचा हात इतका चांगला होता की तिच्या नावाचं प्लम तिथे प्रसिद्ध झालं. ती ९७ वर्षं जगली.

विसाव्या शतकात हे काम झपाट्याने हातचं गेलं. १९०० मध्ये अमेरिकेत शंभरातली पाच बाळंतपणंसुद्धा इस्पितळात होत नव्हती. १९४० पर्यंत निम्म्याहून जास्त होऊ लागली. डॉक्टरांच्या संघटना सुइणींना अडाणी आणि घाणेरड्या म्हणत होत्या. दक्षिणेतल्या काळ्या सुइणी आणि शहरांतल्या परदेशी सुइणींवर हा मारा जास्त झाला. गंमत अशी की इस्पितळं वाढली तरी आयांचे मृत्यू १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फारसे उतरले नाहीत. ते उतरले ते सल्फा औषधं, रक्तपेढ्या आणि पेनिसिलिन आल्यावर. मधे एक वेगळी वाट निघाली होती. १९२५ मध्ये मेरी ब्रेकिनरिजने केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून फिरणाऱ्या प्रशिक्षित सुईण-नर्सेसची सेवा सुरू केली. रस्ते नव्हते, ओढे चढलेले असत, फी परवडेल तशी, कधी वस्तूंत. मार्था असती तर तिला यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं असतं, हात धुण्याचा भाग सोडून.

मार्थाने शेवटचं बाळंतपण एप्रिल १८१२ मध्ये केलं, वयाच्या ७७ व्या वर्षी. थोड्याच आठवड्यांत ती गेली. वर्तमानपत्रात एका ओळीची बातमी आली (हॅलोवेलचा तिच्या घराकडचा भाग तोवर ऑगस्टा नावाने वेगळा झाला होता): ऑगस्टा इथे श्री. एफ्राइम बॅलर्ड यांच्या पत्नी मार्था, वय ७७, मरण पावल्या. काम काय करायच्या, याचा उल्लेख नाही. १८७० मध्ये ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्याने तिच्या वह्या चाळल्या आणि त्यात काही अपवाद सोडता सर्वांना रस वाटावा असं काही नाही, असा शेरा मारला.

वह्या घरातच राहिल्या आणि तिच्या खापरपणतीच्या पिढीतल्या मेरी होबार्टकडे आल्या. ही मेरी डॉक्टर झाली, न्यूयॉर्कच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, १८८४ मध्ये. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातल्या बायकांच्या महाविद्यालयात शिकत होत्या. १८८६ मध्ये आनंदीबाईंनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर होता. दोघी बाळंतपणाकडे डॉक्टर म्हणून पोचल्या, आणि दोघींच्या मागे सुइणींची एक लांब रांग होती. एकीकडे ती रांग वह्यांत होती, दुसरीकडे ग्रंथांत. आपल्या गावोगावच्या सुइणींची मात्र अशी रोजनिशी नाही. त्यांनी काय पाहिलं, किती बाळंतपणं केली, फी शेर भर ज्वारी मिळाली की लुगडं, हे लिहून ठेवणारं त्यांच्या घरात सहसा कोणी नव्हतं.

मेरी होबार्टने १९३० मध्ये वह्या मेन राज्य ग्रंथालयाला दिल्या. तिथे इतिहासकार लॉरेल थॅचर अल्रिक यांनी त्या वर्षानुवर्षं वाचल्या. वर दिलेले बरेचसे आकडे त्यांनीच एकेक नोंद मोजून काढलेले आहेत. १९९० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाला पुढच्या वर्षी इतिहासाचं पुलित्झर मिळालं. त्यांनी काय वेगळं केलं, तर ज्या नोंदी आधीच्यांनी कंटाळवाण्या म्हणून सोडल्या होत्या, आज सूत काढलं, अमकीला मुलगी झाली, दोन फुल्या, त्याच त्यांनी नेटाने एकमेकींना जोडल्या.